उणे चिन्हाची करामत : क्वांटम संगणनाची मूलतत्त्वे

क्वांटम संगणकाची ओळख करून देणाऱ्या लेखनात एक विधान हमखास आढळते : साधा संगणक एका वेळी एकच शक्यता तपासतो, क्वांटम संगणक मात्र सगळ्या शक्यता एकदम तपासतो आणि म्हणून तो अतिवेगवान असतो. या विधानाचा पहिला भाग ढोबळमानाने बरोबर आहे; दुसऱ्या भागात मात्र अशी गफलत आहे की ती एकदा मनात बसली म्हणजे या विषयातले पुढचे काहीच नीट उमगत नाही. सगळ्या शक्यता एकदम हाताळता येणे ही गोष्ट एकटी फारशी कामाची नसते, कारण अखेरीस मोजमाप घेतले की त्यांतली एकच शक्यता हाती लागते आणि तीही यदृच्छया. कोणतेही एक उत्तर असे अंदाजपंचे उचलायचे असेल, तर त्यासाठी कोट्यवधींचे शीतयंत्र उभारण्याची गरज नाही. चुकीच्या उत्तरांनी आपसांत एकमेकांना खोडून काढावे आणि बरोबर उत्तर तेवढे शिल्लक राहावे, अशी गणिताची मांडणी करता येणे हे क्वांटम संगणकाचे खरे बळ आहे, आणि अशी मांडणी साधता येईल असे प्रश्न आजवर मोजकेच सापडले आहेत.

साध्या संगणकातील माहितीचा सर्वांत लहान घटक म्हणजे बिट. त्याचे मूल्य ० किंवा १ यांपैकी एक असते आणि ते कोणीही कितीही वेळा वाचले तरी बदलत नाही. क्वांटम संगणकातील घटकाला क्यूबिट म्हणतात. ज्या सूक्ष्म प्रणालीला स्पष्टपणे वेगळ्या ओळखता येतील अशा दोन अवस्था आहेत, अशी कोणतीही प्रणाली क्यूबिट होऊ शकते. उदाहरणार्थ, निर्वातात तरंगत ठेवलेल्या एखाद्या आयनाच्या दोन ऊर्जापातळ्या, किंवा अतिवाहक धातूच्या मंडलाच्या सर्वांत खालच्या दोन ऊर्जापातळ्या. अशा प्रणालीची अवस्था सांगायला एक मूल्य पुरत नाही, दोन संख्या सांगाव्या लागतात : एक ० साठी आणि एक १ साठी. या संख्यांना आयाम म्हणतात. आयामाचा वर्ग केला की मोजमापात ते मूल्य मिळण्याची संभाव्यता कळते. एखाद्या क्यूबिटचे आयाम ०.६ आणि उणे ०.८ असतील, तर त्याचे मोजमाप घेताना ० मिळण्याची संभाव्यता ०.३६, म्हणजे ३६ टक्के, आणि १ मिळण्याची ६४ टक्के असते. मोजमाप घेतल्यावर मात्र क्यूबिट मिळालेल्या मूल्याच्याच अवस्थेत जातो आणि आधीचे आयाम कायमचे नाहीसे होतात. दोन्ही मूल्यांचे आयाम एकाच वेळी शून्याहून वेगळे असण्याच्या या स्थितीला अध्यारोपण म्हणतात.

सारी मेख त्या उणे चिन्हात आहे. संभाव्यता कधीही ऋण नसते. आयाम मात्र ऋण असू शकतो (काटेकोरपणे पाहता आयाम ही संमिश्र संख्या असते, परंतु मूळ कल्पना समजण्यासाठी धन आणि ऋण एवढा भेद पुरतो). वर्ग करताना उणे चिन्ह पुसले जाते, त्यामुळे ते असले काय आणि नसले काय, काही फरक पडू नये असे वाटते. पण मोजमापाच्या आधी दोन वेगवेगळ्या मार्गांनी एकाच निष्पत्तीकडे येणारे आयाम एकत्र मिळवले जातात, आणि त्यांतला एक धन व दुसरा तेवढाच ऋण असेल तर बेरीज शून्य होऊन ती निष्पत्तीच अशक्य ठरते. तलावात दोन ठिकाणी उठलेल्या लाटांपैकी एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर पडला की तेथील पाणी स्थिर राहते, तोच हा प्रकार. भौतिकीत त्याला व्यतिकरण म्हणतात.

हे घडते कसे, ते क्वांटम संगणनातल्या सर्वांत साध्या क्रियेत दिसते. फ्रेंच गणिती जाक आदामार यांच्या नावाने ओळखले जाणारे एक गेट, म्हणजे क्यूबिटवर करावयाची एक ठरावीक क्रिया, ० या निश्चित अवस्थेतील क्यूबिटवर चालवले असता दोन्ही आयाम सुमारे ०.७०७ होतात, म्हणजेच ० आणि १ मिळण्याची संभाव्यता निम्मी-निम्मी होते. तीच क्रिया १ या अवस्थेवर केली तरी संभाव्यता निम्मी-निम्मीच राहते, परंतु १ चा आयाम उणे ०.७०७ होतो. आता ० पासून निघून हे गेट लागोपाठ दोनदा चालवले, तर ० या निष्पत्तीकडे येणारे दोन आयाम ०.५ आणि ०.५ असतात व त्यांची बेरीज १ होते. १ कडे येणारे दोन आयाम ०.५ आणि उणे ०.५ असतात व त्यांची बेरीज शून्य होते. परिणामी ० हेच उत्तर शंभर टक्के खात्रीने मिळते. नाणे एकदा उडवल्यावर जी अनिश्चितता आली, ती पुन्हा उडवून कधीच जात नाही. क्यूबिटच्या बाबतीत मात्र ती गेली. क्यूबिट म्हणजे ‘आतून ० किंवा १ असलेला, पण आपल्याला ठाऊक नसलेला’ बिट नव्हे, हे या एका हिशेबावरून स्पष्ट होते.

क्यूबिटांची संख्या वाढली की आयामांची संख्या दुपटीने वाढत जाते. दोन क्यूबिटांना ००, ०१, १० आणि ११ या चार शक्यतांचे चार आयाम लागतात, तिघांना आठ, दहांना १,०२४. पन्नास क्यूबिटांची अवस्था साध्या संगणकात जशीच्या तशी लिहून ठेवायची तर एकावर पंधरा शून्ये इतक्या संख्येहूनही अधिक आयाम साठवावे लागतात, आणि तीनशे क्यूबिटांसाठी लागणाऱ्या आयामांची संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजित संख्येपेक्षाही मोठी भरते. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये एमआयटीने भरवलेल्या परिषदेतील व्याख्यानात नेमक्या याच अडचणीवर बोट ठेवले होते. निसर्ग क्वांटम नियमांनी चालत असेल, तर त्याची नक्कल करणारे यंत्रही क्वांटम नियमांनीच चालणारे हवे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेत पॉल बेनिऑफ आणि सोव्हिएत संघात युरी मानिन यांनी त्याच सुमारास या दिशेने विचार मांडले होते, आणि १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉइच यांनी सर्वसाधारण क्वांटम संगणकाची गणिती व्याख्या दिली.

या अवाढव्य आकड्यांनी भारावून जाण्याआधी एक मर्यादा लक्षात घेतलेली बरी. अलेक्झांडर होलेव्हो या रशियन गणितज्ञांनी १९७३ मध्ये सिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, आयाम कितीही असले तरी ठरावीक संख्येच्या क्यूबिटांतून तेवढ्याच संख्येच्या बिटांपेक्षा अधिक माहिती बाहेर काढता येत नाही. आत चालणारा हिशेब प्रचंड, पण तो दाखवणारी खिडकी अतिशय अरुंद, अशी ही रचना आहे.

अनेक क्यूबिटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. दोन क्यूबिटांची एकत्रित अवस्था अशी असू शकते की ०० आणि ११ यांचे आयाम समान आहेत, तर ०१ आणि १० यांचे शून्य आहेत. अशा वेळी प्रत्येक क्यूबिट स्वतंत्रपणे पाहिला तर त्याचे उत्तर पूर्णपणे यदृच्छ असते, परंतु दोघांची उत्तरे नेहमी जुळतात. एकेका क्यूबिटची अवस्था सुटी करून सांगताच येत नाही. सांगता येते ती जोडीची. १९३५ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी या जखडलेपणाला जे नाव दिले, ते एंटँगलमेंट या इंग्रजी रूपात आज सर्वत्र रूढ आहे. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये अशा जुळणीची एक गणिती कसोटी दिली, आणि आधीपासूनच ठरलेल्या स्थानिक गुणधर्मांनी ही जुळणी स्पष्ट करता येत नाही, हे त्या कसोटीवर प्रयोगांनी दाखवून देणाऱ्या अलँ आस्पे, जॉन क्लाउझर आणि अँटोन झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जुळणीद्वारे प्रकाशापेक्षा वेगाने संदेश पाठवता येतो, ही समजूत मात्र निराधार आहे. एका टोकाला मिळणारे उत्तर यदृच्छ असल्याने त्यात कोणताही मजकूर भरता येत नाही. संगणनाच्या दृष्टीने एंटँगलमेंटचे महत्त्व वेगळे आहे : ते नसेल, तर प्रत्येक क्यूबिटचा हिशेब सुटासुटा ठेवता येतो आणि साधा संगणकही तो सहज करू शकतो.

व्यतिकरणाचा उपयोग करून उत्तर कसे काढतात, ते लव ग्रोव्हर यांच्या पद्धतीत अगदी स्वच्छ पाहता येते. दिल्लीच्या आयआयटीत शिकलेल्या आणि पुढे अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या ग्रोव्हर यांनी ती १९९६ मध्ये मांडली. चार बंद खाने आहेत आणि त्यांपैकी एकातच हवी ती वस्तू आहे, असे समजू. खान्याचा क्रमांक दिला असता ‘हा बरोबर’ किंवा ‘हा चूक’ एवढेच ओळखणारे एक मंडल उपलब्ध आहे. उत्तर आधीपासून ठाऊक असण्याची त्याला गरज नाही, समोर आलेले उत्तर पडताळता आले की पुरे. साध्या पद्धतीने या मंडलाला वाईटात वाईट परिस्थितीत तीनदा विचारावे लागते.

ग्रोव्हर यांच्या पद्धतीत आधी दोन क्यूबिट अशा अवस्थेत आणले जातात की चारही खान्यांचे आयाम ०.५ होतात. नंतर मंडल एकदा चालवले जाते, आणि ते बरोबर खान्याच्या आयामाचे चिन्ह तेवढे उलटवते : तीन आयाम ०.५ राहतात, एक उणे ०.५ होतो. या क्षणी मोजमाप घेतले तर काहीच हाती लागणार नाही, कारण वर्ग केल्यावर चारही संभाव्यता पूर्वीइतक्याच, पंचवीस-पंचवीस टक्के आहेत. खरी करामत पुढच्या पायरीत आहे. चारही आयामांची सरासरी ०.२५ येते, प्रत्येक आयाम या सरासरीच्या ज्या बाजूला जितका दूर आहे, तितकाच दूर त्याला विरुद्ध बाजूला नेले जाते. ०.५ असलेले तीनही आयाम त्यामुळे शून्यावर येतात आणि उणे ०.५ असलेला आयाम थेट १ होतो. आता मोजमाप घेतले की बरोबर खाना खात्रीने मिळतो, आणि तोही मंडलाला एकदाच विचारून.

हीच कृती अधिक चांगल्या उत्तराच्या आशेने आणखी एकदा केली, तर आयामांचे आकडे पुन्हा सारखे होतात आणि मिळवलेले सगळे वाया जाते. अति तेथे माती ही म्हण इथे गणिती सत्य ठरते. नेमके कधी थांबायचे हे आधीच ठरवावे लागते. दहा लाख खान्यांसाठी अशा सुमारे ७८५ फेऱ्या लागतात, तर साध्या पद्धतीत सरासरी पाच लाख प्रयत्न करावे लागतात. हा लाभ मोठा असला तरी तो वर्गमुळाचा लाभ आहे, आणि सर्वसाधारण शोधात याहून अधिक लाभ कोणत्याही क्वांटम पद्धतीने मिळू शकत नाही हेही सिद्ध झालेले आहे. ‘सगळ्या शक्यता एकदम’ हे वर्णन खरे असते, तर एकाच फेरीत काम भागायला हवे होते.

वर्गमुळापेक्षा कितीतरी मोठी झेप जिथे मिळते, असा प्रश्न १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिला. ते त्या वेळी बेल लॅब्जमध्येच होते. दिलेल्या मोठ्या संख्येचे मूळ अवयव शोधणे हा तो प्रश्न. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे संगणकाला चुटकीसरशी जमते, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणे अतोनात अवघड जाते. १९७७ मध्ये मांडली गेलेली आरएसए ही कूटपद्धती याच विषमतेवर उभी आहे. शोर यांनी हा प्रश्न पुनरावृत्तीच्या प्रश्नात बदलला. १५ ही संख्या आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेली ७ ही संख्या घेऊ. ७ चे एकामागून एक घात करून प्रत्येकाला १५ ने भागले, तर बाकी अनुक्रमे ७, ४, १३, १ अशी येते आणि मग पुन्हा ७, ४, १३, १ हाच क्रम सुरू होतो. पुनरावृत्तीचे अंतर ४ आहे. त्याचे निम्मे २. ७ चा दुसरा घात ४९. त्याच्या एक मागची आणि एक पुढची संख्या म्हणजे ४८ आणि ५०. यांचे १५ शी मसावि काढले की ३ आणि ५ मिळतात, आणि तेच १५ चे अवयव आहेत.

शेकडो अंकी संख्येच्या बाबतीत मात्र हे पुनरावृत्तीचे अंतर इतके प्रचंड असते की ते एकेक घात करून शोधणे अशक्यप्राय ठरते. तेथे क्वांटम संगणक कामी येतो. सगळ्या घातांच्या बाक्या अध्यारोपणात मांडल्यावर त्यांवर फूरिए रूपांतर नावाची क्रिया केली जाते. तिच्यात पुनरावृत्तीच्या लयीशी न जुळणारे आयाम एकमेकांना खोडतात आणि जुळणारे एकमेकांना बळ देतात. एकेका घाताची बाकी कळत नाही, ती कळण्याची गरजही नसते; संपूर्ण मालिकेची लय तेवढी कळते आणि तिच्यावरून अंतर काढता येते. या प्रश्नात लय अंगभूतच आहे म्हणून ही युक्ती चालते. ज्या प्रश्नाच्या पोटात अशी कोणतीही घडण नाही, तिथे क्वांटम संगणकाकडून चमत्काराची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

२०२० मध्ये संशोधकांच्या एका गटाने साध्या संगणकांवर २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव पाडले. ते काम संगणकाच्या एकाच गाभ्याला करावे लागले असते, तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती. प्रत्यक्ष व्यवहारात वापरली जाणारी २,०४८ बिटांची संख्या ६१७ अंकी असते. ती फोडण्यासाठी सुमारे दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा अंदाज क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये मांडला होता. २०२५ मध्ये गिडनी यांनी तो दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी काळ इथवर खाली आणला. यंत्र मोठे होण्याआधी गणितच इतके काटकसरी व्हावे, ही गोष्ट कूटशास्त्रज्ञांची झोप उडवणारी आहे. आज चोरून साठवलेला सांकेतिक मजकूर पुढे कधीतरी उलगडता येईल, ही भीतीही खरी आहे, आणि म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या कूटपद्धतींची पहिली तीन मानके जाहीर केली.

दहा लाख क्यूबिट हा आकडा आज दूरचा वाटतो, तो क्यूबिटच्या नाजूकपणामुळे. बाहेरचा अणुरेणू, भरकटलेली उष्णता किंवा जवळून गेलेली विद्युतचुंबकीय लहर यांपैकी कशाचाही क्यूबिटशी संबंध आला, तर आयामांतील चिन्हांचा काळजीपूर्वक राखलेला मेळ बिघडतो आणि व्यतिकरण थांबते. अतिवाहक क्यूबिटांची चिप म्हणूनच हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतयंत्रात, निरपेक्ष शून्यापासून अंशाच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतक्या तापमानात ठेवली जाते. ताऱ्यांमधला अवकाशही त्याहून शेकडो पटींनी उबदार असतो. एवढे करूनही उत्तम यंत्रांत दोन क्यूबिटांवरील साधारण दर हजार क्रियांमागे एखादी चूक होते, आणि आरएसए फोडण्यासारख्या कामात क्रियांची संख्या अब्जांत जाते.

साध्या संगणकात चूक टाळायची तर बिटच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेता येते. क्यूबिटच्या बाबतीत हा सोपा मार्ग बंद आहे, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झाले आहे, आणि पाहायला जावे तर पाहण्यानेच अवस्था मोडते. शोर यांनी १९९५ मध्ये यावरही तोड काढली. एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांच्या एंटँगल केलेल्या अवस्थेत पसरवायची आणि ‘तुझे मूल्य काय’ असे न विचारता ‘तुझे मूल्य शेजाऱ्याशी जुळते का’ एवढेच विचारायचे. त्या उत्तरावरून चूक कुठे झाली ते कळते, पण मूळ माहितीला धक्का लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने विलो या १०५ क्यूबिटांच्या चिपवर दाखवून दिले की माहिती ज्या क्यूबिटांत पसरवलेली असते त्यांची जाळी तीन बाय तीनवरून पाच बाय पाच आणि सात बाय सात केली, तर चुकीचे प्रमाण प्रत्येक पायरीला सुमारे निम्मे होते. क्यूबिट वाढवले की चुकाच अधिक वाढतात, हा तोवरचा अनुभव होता. तो उलटला, हे या प्रयोगाचे मोल. तरी तिथे एका क्यूबिटची माहिती केवळ टिकवून धरली होती, तिच्यावर उपयुक्त गणित केलेले नव्हते, हे बातम्यांच्या गदारोळात मागे पडले. त्याच कंपनीच्या २०१९ मधील दाव्याचेही असेच झाले : ५३ क्यूबिटांनी २०० सेकंदांत केलेले काम महासंगणकाला दहा हजार वर्षे पुरेल असे सांगितले गेले, आयबीएमने अडीच दिवसांचा प्रतिदावा केला, आणि पुढे नेहमीच्या प्रोसेसरांवर ते काही तासांत करून दाखवण्यात आले.

भारतात केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांची यंत्रे उभारणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे. मोहिमेच्या चार केंद्रांपैकी संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे, तर सूक्ष्म संवेदनाचे मुंबईच्या आयआयटीकडे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक क्यूबिटांवर अनेक वर्षे काम चालू असून, तिने आणि डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेने टीसीएसच्या साहाय्याने घडवलेल्या सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण झाली. सहा हा आकडा विलोच्या मानाने किरकोळ वाटेल. परंतु चिप, तिला हाताळणारी इलेक्ट्रॉनिक सामग्री आणि आज्ञावली ही सगळी साखळी स्वतः जोडण्याचा अनुभव विकत मिळत नाही.

क्वांटम संगणक साध्या संगणकाला कुठे मागे टाकील, याची सीमारेषाही स्थिर नाही. २०१६ मध्ये यॉर्डानिस केरेनिडिस आणि अनुपम प्रकाश यांनी ग्राहकांना वस्तू सुचवण्याच्या प्रश्नासाठी एक क्वांटम पद्धत मांडली, आणि ती साध्या पद्धतींपेक्षा घातांकी वेगाने चालेल असे मानले जाऊ लागले. टेक्सास विद्यापीठात शिकणाऱ्या, अठरा वर्षांच्या युइन टँग यांना त्यांच्या मार्गदर्शकांनी हे काम साध्या संगणकाला जमणार नाही असे सिद्ध करायला सांगितले. २०१८ मध्ये टँग यांनी उलट ते जमवणारी साधी पद्धतच शोधून काढली आणि तो घातांकी लाभ नाहीसा झाला. अवयव पाडण्याच्या प्रश्नात तशी पद्धत कोणाला सापडलेली नाही. मात्र ती असूच शकत नाही, हेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही.